रेंगाळण्याची जागा

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला ‘विद्यार्थी संघाची इमारत’ हा विषय दिला, की पहिल्या आठवड्यात सगळ्यांकडून एकच गोष्ट हाती येते : खोल्यांची यादी. सभागृह, कँटीन, पदाधिकाऱ्यांची खोली, टेबलटेनिस, स्वच्छतागृहे, सामानाची खोली. प्रत्येकीपुढे चौरस मीटर. तळाशी बेरीज, आणि त्या बेरजेवर तीस टक्के ‘सर्क्युलेशन’, म्हणजे येण्याजाण्याची जागा. मी त्या तीस टक्क्यांभोवती लाल पेन्सिलने गोल काढतो आणि विचारतो, ही जागा नेमकी कुठे आहे? उत्तर ठरलेले असते : सर, ती उरलेली.

या पुस्तकात ज्या तीन इमारतींचे नकाशे आणि छेद दिले आहेत, त्या तिन्हींचा विचार त्या उरलेल्या जागेपासून सुरू झाला. एक लंडनची, एक उत्तर इंग्लंडमधल्या डरहॅमची, एक फिनलंडमधली. तिन्ही विद्यार्थी संघांसाठी बांधल्या गेल्या आणि तिन्हींच्या वाट्याला पुढे वेगवेगळे नशीब आले. नकाशांकडे जाण्याआधी हा प्रकार काढायला इतका अवघड का, ते थोडे सांगायला हवे.

वर्गाला घंटा असते, वाचनालयाला शांतता असते, रुग्णालयात येणाऱ्याला दुखणे असते. संघाच्या इमारतीत येणाऱ्याला बहुतेक वेळा काहीच कारण नसते. दोन तासांच्या मध्ये वीस मिनिटे मोकळी आहेत, बाहेर पाऊस आहे, खिशात चहापुरते पैसे आहेत, एवढ्यावर तो आत शिरतो. इथे हजेरी लागत नाही. म्हणजे इमारत आवडली नाही तर लोक तक्रार करत नाहीत, नुसते येत नाहीत. दुसरी अडचण आणखी गमतीची. ही इमारत ज्यांच्यासाठी बांधायची ते विद्यार्थी ती उघडेपर्यंत टिकतच नाहीत. लंडनच्या इमारतीची स्पर्धा २००९ साली झाली आणि दारे उघडली २०१४च्या जानेवारीत. २००९ साली पदवीच्या पहिल्या वर्षात असलेली आणि गरजांच्या यादीवर हिरिरीने वाद घातलेली मुले तोवर नोकरीला लागून दीड-दोन वर्षे झाली होती. आर्किटेक्टचे खरे गिऱ्हाईक म्हणजे अजून शाळेत असलेली, विद्यापीठाचे नावही न ऐकलेली मुले. त्यांना विचारायचे कसे?

‘युनियन’ म्हटले की आपल्याकडे लाल झेंडा, गेटसभा आणि मागण्यांचे पत्रक डोळ्यांपुढे येते. ब्रिटिश विद्यापीठांत हा शब्द वादसभांच्या वाटेने आला. केंब्रिजची युनियन १८१५ची, ऑक्सफर्डची १८२३ची. वेगवेगळ्या कॉलेजांतल्या मुलांनी एकत्र जमून ठराव मांडायचे, विरोध करायचा, मते मोजायची. पार्लमेंटची तालीमच ती. पुढे या सभेला वाचनकक्ष चिकटला, मग जेवणघर, मग दारूचा गुत्ता, मग खेळांचे क्लब, आणि विसाव्या शतकात भाड्याच्या कटकटीपासून मानसिक त्रासापर्यंत सगळ्यावर सल्ला देणारी टेबले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १८९६ साली ह्यूस्टन हॉल बांधला तेव्हापासून तिकडे तर ती कॅम्पसची बैठकीची खोलीच झाली. लोकसभा, खानावळ आणि समुपदेशकाची खोली एकाच छपराखाली आणायची, आणि एकाचा आवाज दुसऱ्याला जाऊ द्यायचा नाही, असे हे काम आहे.

ऑक्सफर्डच्या वादसभेच्या दालनाची गोष्ट इथे सांगायचा मोह आवरत नाही. १८५७ साली बेंजामिन वुडवर्ड या आयरिश आर्किटेक्टने ते लाल विटांत बांधले. भिंतींच्या वरच्या पट्ट्यात चित्रे काढायला डांटे गॅब्रिएल रोझेटी तयार झाला आणि सोबत त्याने विल्यम मॉरिस, एडवर्ड बर्न-जोन्स वगैरे तरुण मित्र आणले. राजा आर्थरच्या कथा रंगवायच्या होत्या. उत्साह अमाप, भिंतीवरच्या चित्रकलेचा अनुभव शून्य. नव्या ओलसर विटांवर नुसता चुना फासून त्यांनी थेट रंग चढवला. गिलावा नाही, अस्तर नाही. काही महिन्यांतच चित्रे उडायला लागली. शिवाय प्रत्येक चित्राच्या मधोमध दोन खिडक्या असल्याने उजेड थेट डोळ्यांत जाई आणि चित्र दिसतच नसे. मॉरिसने पुढे १८७५ साली छत नव्याने रंगवले. भिंतींवरची चित्रे आज शोधून पाहावी लागतात. आपल्या गावातल्या कुठल्याही गवंड्याने त्यांना सांगितले असते की बाबांनो, वीट पाणी पिते. पण मुलांनी विचारले नसणार.

ही गोष्ट सांगण्याचे एक कारण असे, की दीडशे वर्षांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या विद्यार्थी संघाचे घर बांधायला निवडले गेलेले आर्किटेक्टही आयर्लंडचेच, आणि त्यांचीही भिस्त विटेवरच. शीला ओ’डॉनेल आणि जॉन टूमी हे डब्लिनचे जोडपे. टूमी तरुणपणी जेम्स स्टर्लिंगच्या कार्यालयात काम करून आलेले. स्टर्लिंग म्हणजे लेस्टरच्या अभियांत्रिकी इमारतीत लाल टाइल आणि काच यांना नाटकातल्या पात्रांसारखे एकमेकांवर सोडणारा माणूस. शिष्याच्या हातात तोच लाल रंग आला, पण आवाज खाली आला.

एलएसईचा परिसर ज्याने पाहिला नाही त्याला कॅम्पस हा शब्द फसवतो. १८९५ साली सिडनी आणि बिअ‍ॅट्रिस वेब, ग्रॅहम वॉलस, बर्नार्ड शॉ यांनी स्थापन केलेली ही संस्था नव्या शतकाच्या आरंभापासून ऑल्डविचच्या मागच्या क्लेअर मार्केट भागात आहे. हिरवळ नाही, फाटक नाही. अरुंद, वाकड्या गल्ल्या आणि त्यांत दाटीवाटीने विद्यापीठ. पुण्यातल्या पेठेत एखादे विद्यापीठ घुसवले तर जसे दिसेल तसे. त्यातही विद्यार्थी संघाला मिळालेला तुकडा अशा जागी होता, जिथे तीन-चार गल्ल्या एकमेकींना तिरक्या येऊन भिडतात. पलीकडे पोर्ट्समथ स्ट्रीटवर सोळाव्या शतकातले ‘ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ नावाचे बसके लाकडी दुकान आपल्या डिकन्सच्या नावावर पर्यटक खेचत बसलेले. इथे सरळ चौकोनी इमारत टाकली असती तर ती प्रत्येक गल्लीला पाठ दाखवून उभी राहिली असती.

तिला आजचा आकार दिला तो शेजाऱ्यांच्या उजेडाने. इंग्लंडात १८३२च्या कायद्यापासून एखाद्या खिडकीला वीस वर्षे अखंड उजेड मिळाला असेल, तर तो तिचा हक्क होतो. समोरच्याला तो अडवता येत नाही. आपल्याकडे १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात हीच वीस वर्षे आहेत, फक्त मुंबईत कुणी त्यांची आठवण काढत नाही. लंडनमध्ये वकील आठवण काढतात. प्रत्येक शेजारी खिडकीतून आभाळाकडे एक तिरकी रेषा काढायची आणि त्या सगळ्या रेषांच्या खाली जे आकारमान उरेल, त्यातच बांधायचे. बहुतेक आर्किटेक्ट अशा वेळी वरचे मजले पायऱ्यांसारखे मागे सरकवतात आणि गप्प बसतात. ओ’डॉनेल आणि टूमी यांनी त्या रेषांनाच कागदाच्या घड्या मानले. भिंती झुकतात, दुमडतात, कोपऱ्यावर आत जातात. आणि कुठल्याही गल्लीतून चालत आलात तरी इमारतीची एखादी बाजू तुमच्याकडे वळलेली असते. कायद्याने घातलेल्या बंधनातून इतकी हालती आकृती निघालेली मी क्वचित पाहिली आहे.

आता वीट. या इमारतीच्या अंगावर सुमारे १,७५,००० विटा आहेत. त्यांतल्या ४६ आकारांच्या विटा प्रमाणित साच्यातल्या आणि १२७ आकार फक्त या इमारतीसाठी घडवलेले. आपल्या भट्टीवाल्याला एका आकाराच्या विटा सारख्या पाडायला सांगितल्या तरी तो ‘साहेब, माती आहे’ म्हणतो. इथे एकूण १७३ आकार. पण यात हौस नाही, हिशोब आहे. भिंत काटकोनात वळत नसेल तर कोपऱ्यावर वीट कापावी लागते, आणि कापलेल्या विटेची कड भाजलेल्या कडेसारखी कधीच दिसत नाही. जखम दिसते. दुमडीच्या प्रत्येक कोनासाठी वेगळा साचा करून विटा भाजल्या की सगळा कोपरा एकाच मातीतून निघाल्यासारखा वाटतो. रचना फ्लेमिश बाँडची, म्हणजे एका थरात एक वीट लांब बाजू दाखवणारी आणि पुढची डोके दाखवणारी. आणि बऱ्याच ठिकाणी विटांमध्ये मुद्दाम भोके ठेवली आहेत. त्या जाळीमागे काच आहे. दिवसा आत उन्हाचे ठिपके पडतात, रात्री आतला दिवा बाहेर झिरपतो आणि गल्लीत कंदील लावल्यासारखे होते. वाड्याच्या जिन्यातला झरोका ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजवायला नको.

तरी या इमारतीचा जीव विटेत नाही. छायाचित्रकारांनी विटेचे इतके फोटो काढले की आत काय आहे ते बोलायचेच राहून गेले. आत आहे जिना. कार्यक्रमांचे मोठे सभागृह जमिनीखाली. ‘थ्री टन्स’ नावाचा विद्यार्थ्यांचा जुना पब इथे नव्या घरात आलेला. शिवाय अभ्यासाचा कॅफे, संघाची कार्यालये, सर्व धर्मांसाठी प्रार्थनेची जागा, व्यायामशाळा, नाचाचा स्टुडिओ, नोकरीचा सल्ला देणारे दालन. ही सगळी खोल्यांची यादी झाली. ती ज्या धाग्यात ओवली आहे तो जिना दर मजल्यावर वेगळ्या ठिकाणी वळतो, कुठे रुंद होतो, कुठे गोल फिरतो, आणि त्याच्या प्रत्येक वळणावर कट्ट्याइतकी जागा सुटते. बंद बोळ असा एकही नाही. कुठल्याही वाटेवर उभे राहा, एका बाजूला तरी उजेड आणि बाहेरचे काहीतरी दिसतेच. बाहेरची गल्लीच आत शिरून वर चढत गेली आहे. खाली पबमध्ये बसलेल्याला वर कोण चाललेय ते दिसते, वर चाललेल्याला खाली कोण बसलेय ते. व्यायामशाळेत निघालेला मुलगा मध्येच कुणाला तरी भेटतो आणि व्यायाम राहून जातो. असे व्यायाम राहून जाणे हे मला या इमारतीचे सर्वात मोठे यश वाटते.

माझ्या दोन तक्रारी आहेत. एक अशी, की बाहेरून ती जरा किल्ल्यासारखी वाटते. ज्या घरात विनाकारण शिरायचे, त्याच्या दारात थोडे जास्त दिसायला हवे. वीट जिथे उघडते तिथे सुरेख उघडते, पण पहिल्या दिवशी आलेल्या बुजऱ्या मुलाला ती आधी निरखते आणि मग आत घेते. दुसरी तक्रार नावाची. इमारत ओळखली जाते सॉ स्वी हॉक या सिंगापूरच्या संख्याशास्त्रज्ञाच्या नावाने. ते एलएसईचेच माजी विद्यार्थी आणि या कामाला मोठी देणगी देणारे. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण मुलांच्या घराच्या पाटीवर वडीलधाऱ्यांचे नाव असले की मला उगाच आजोबांच्या वाड्यात पार्टी करत असल्यासारखे वाटते. असो. ४० वर्षांहून अधिक काळानंतर संस्थेने स्वतः नव्याने बांधून घेतलेली ही पहिलीच इमारत; खर्च सुमारे २४ दशलक्ष पौंड. २०१४ साली ती स्टर्लिंग पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती. पारितोषिक मिळाले लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरला. पण पुढच्याच वर्षी ओ’डॉनेल आणि टूमी यांना ब्रिटिश वास्तुशास्त्राचे सुवर्णपदक मिळाले. गुरूच्या नावाचे बक्षीस हुकले आणि त्याहून मोठे पदरात पडले.

मराठी वाचकाला एलएसई म्हटले की एक विद्यार्थी आठवतोच, आणि त्याच्यापाशी माझे रेंगाळण्याचे सगळे तत्त्वज्ञान अडखळते. भीमराव आंबेडकर १९१६च्या ऑक्टोबरात इथे दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना परतावे लागले, मग १९२० साली स्वतः पैसे जमवून ते पुन्हा आले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. त्या दिवसांत ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते दिवसभर कसे बसत आणि किती थोडक्या खाण्यावर काढत, हे त्यांच्या सगळ्या चरित्रांत आहे. ज्याला एकेक पेनी आणि एकेक तास मोजून वापरायचा, त्याला कॅफेच्या पायरीवर बसून गप्पा मारणे ही चैन होती. विनाकारण बसण्याची सोय सगळ्यांना सारखी नसते, हे इमारत काढताना आमची मंडळी विसरतात. तरीही धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात एक प्रसंग आहे : एलएसईच्या विद्यार्थी संघापुढे आंबेडकरांनी हिंदुस्थानातल्या जबाबदार राज्यपद्धतीवर निबंध वाचला आणि त्यावर खळबळ उडाली. रेंगाळायला वेळ नसलेल्या माणसालाही उभे राहून बोलण्यासाठी संघाची जमीन लागली. म्हणून माझ्या वर्गात कुणी नुसते कोच आणि कुंड्या काढून आणल्या, की मी विचारतो, इथे उभे राहून भांडायचे कुठे?

डरहॅमची इमारत याहून जुनी आणि, खरे सांगायचे तर, मला जास्त जवळची. वीअर नदीने वळसा घालून तयार केलेल्या खडकाच्या नाकावर १०९३ साली सुरू झालेले कॅथीड्रल उभे आहे. त्याच्या समोरच्या काठावर, जवळजवळ कड्यासारख्या उतारावर, १९६६ साली डनेल्म हाउस उभे राहिले. आर्किटेक्ट्स को-पार्टनरशिप ही संस्था, तिच्यातले मायकेल पॉवर्स आणि रिचर्ड रेन्स हे मुख्य हात, आणि सल्लागार ओव्ह आरुप. इतक्या मोठ्या देवळासमोर घर बांधायचे तर दोनच वाटा दिसतात : लपून बसा किंवा स्पर्धा करा. यांनी तिसरी धरली. इमारत काँक्रीटची, पण तुकड्यातुकड्यांची. रस्त्याच्या बाजूने अगदी माफक आणि नदीच्या बाजूने पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी. छपरांवरही काँक्रीटच्याच जाड फरशा. पलीकडच्या काठावरून पाहिले तर एक इमारत दिसत नाही, कड्यावर वसलेली वाडी दिसते.

आणि तिच्या पोटातून एकच सरळ लांब जिना, वरच्या रस्त्यापासून नदीकडे, पाच पातळ्या जोडत जातो. सगळी दालने त्याच्या दोन्ही अंगांना. घाटाच्या पायऱ्यांवरून उतरताना जशी बाजूला एकेक देऊळ, धर्मशाळा, पानाचे दुकान लागते, तशी इथे खोल्या लागतात. जिन्याचा रोख समोरच्या कॅथीड्रलकडे ठेवलेला. लंडनचा जिना माणसाला वळवत नेतो, हा सरळ खाली ओढतो. तरी दोन्हींची युक्ती एकच आहे, खोल्या जिन्याला चिकटवायच्या, जिना खोल्यांना नाही. डनेल्म हाउसला लागूनच आरुपने स्वतः काढलेला किंग्जगेट पूल आहे, १९६३चा. त्याचे दोन अर्धे भाग दोन काठांवर, नदीला समांतर असे बांधले आणि मग फिरवून मध्यावर एकमेकांना भेटवले, जोड ब्राँझचा. जगभर प्रचंड कामे केलेल्या या अभियंत्याचा या छोट्या पादचारी पुलावर इतका जीव, की १९८८ साली तो गेल्यावर त्याची रक्षा याच पुलावरून नदीत सोडली गेली. पुलावरून येणारी वाट थेट विद्यार्थ्यांच्या घरापाशी संपते. पूल आणि जिना वेगळे काढताच येत नाहीत. माझ्या विद्यार्थ्यांनी तसा प्रयत्न केला होता, तो कागद आम्ही फाडला.

पन्नास वर्षांनी विद्यापीठाला ही इमारत नकोशी झाली. २०१६ साली त्यांनी दुरुस्तीचा आकडा मांडला १४.७ दशलक्ष पौंडांचा, आणि इमारत वारसा यादीत जाऊ नये म्हणून आगाऊ संरक्षण मागितले. पाणी गळते, थंडी वाजते, अपंगांना जिना चढता येत नाही. तक्रारी खोट्या नव्हत्या. शेवटची तर मला आजही टोचते, कारण ज्या जिन्याचे मी इतके कौतुक केले त्याच जिन्याने चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला बाहेर ठेवले. १९६६ साली तो मुलगा कुणाच्या यादीतच नव्हता. दुसऱ्या बाजूला विसाव्या शतकातल्या वास्तूंसाठी लढणारी ट्वेंटिएथ सेंच्युरी सोसायटी, आर्किटेक्ट, माजी विद्यार्थी उभे राहिले. वाद पाच वर्षे चालला. २०२१च्या जुलैमध्ये इमारत दुसऱ्या श्रेणीत संरक्षित झाली. काँक्रीट कुरूप असते या मताचे लोक डरहॅममध्ये आजही भरपूर आहेत, आणि कॅथीड्रल बांधले तेव्हा नदीकाठच्या कोळ्यांना ते कसे वाटले असेल याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

फिनलंडची दिपोली मी थोडक्यात सांगतो, कारण ती नकाशात वाचण्याची कमी आणि आत शिरण्याची जास्त आहे. हेलसिंकीजवळ एस्पोच्या ओतानिएमी भागात तंत्रविद्यापीठ वसले, त्याची मांडणी आल्वार आल्टोची. १९६१-६२च्या स्पर्धेत रेइमा आणि राइली पिएतिला यांनी विद्यार्थी संघासाठी जे काढले, त्याला टोपणनाव दिले ‘गुहेतल्या माणसाचे लग्नातले संचलन’. १९६६ साली ते उभे राहिले. अर्धी इमारत शहाण्यासारखी चौकोनी, स्वयंपाकघरे आणि कार्यालये तिच्यात. उरलेली अर्धी वाट फुटेल तशी पसरलेली, पाइनचे लाकूड, तांबे आणि ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या दगडांची. त्या काळात फिनलंडमध्ये शिस्तबद्ध, कारखान्यात बनवून जोडायच्या वास्तूंची हवा होती, त्यामुळे तरुण टीकाकारांनी पिएतिलांना चांगलेच झोडपले. इकडे १९७२-७३ साली हेलसिंकी कराराच्या तयारीच्या वाटाघाटींसाठी पूर्व आणि पश्चिमेचे राजदूत याच गुहेत महिनोन्‌महिने बसले. शीतयुद्धातल्या कुणालाही अंगावर धावून जायला या इमारतीत सरळ रेषाच सापडली नसेल, असे मी गमतीने म्हणतो.

पण खरी थट्टा पुढची आहे. दुरुस्ती होऊन २०१७ साली दिपोली आल्टो विद्यापीठाची मुख्य इमारत झाली. म्हणजे मुलांच्या घरात प्रशासन राहायला आले. आणि आल्टोची जुनी, भारदस्त मुख्य इमारत पदवीच्या मुलांना मिळाली. वडील आणि मुलगा यांनी खोल्या बदलल्या. कुणाचे नुकसान झाले ते मी सांगू शकत नाही. जी इमारत विनाकारण फिरण्यासाठी काढली, तिच्यात आता कुलगुरूंनाही चार पावले वाकडी टाकावी लागतात, हे मात्र मला फार आवडते.

आपल्याकडे या विषयाचे पुस्तक कशाला, असे एका सहकाऱ्याने विचारले. प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात विद्यार्थी संघाच्या थेट निवडणुका १९९४च्या विद्यापीठ कायद्याने थांबल्या आणि २०१६च्या कायद्यात पुन्हा आल्या. संघच जिथे इतका वेळ कागदावर राहिला तिथे त्याची इमारत कोण बांधणार? पण आपल्या मुलांनी ती केव्हाच बांधून ठेवली आहे, फाटकाच्या बाहेर. माटुंग्याला रुइयाचा नाका, पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरची वैशाली, आणि गावोगावचे कट्टे. ‘कट्टा’ या शब्दाला मराठीत जो अर्थ आहे, बसण्याची उंची, बोलण्याची मुभा आणि उठून जायची मोकळीक, तो मी इंग्रजीत कुठे पाहिलेला नाही. या पुस्तकाच्या मुलांनी आपापल्या कॉलेजच्या कट्ट्यांची मापे घेऊन शेवटी एक परिशिष्ट जोडले आहे. बहुतेक कट्टे गुडघ्याच्या उंचीचे निघाले. कुणी नकाशा काढून ते बांधले नव्हते. ती कुंपणाची भिंत होती, झाडाचा पार होता, दुकानाची पायरी होती.

नकाशे वाचण्याची सवय नसलेल्या वाचकासाठी एक गोष्ट. ‘छेद’ म्हणजे इमारत उभी कापली तर आत दिसेल ते. आंबा उभा कापल्यावर कोय कुठे आहे आणि गर किती ते कळते, तसे. प्लॅनमध्ये खोल्या दिसतात, छेदात माणसे एकमेकांना कुठून दिसतील ते दिसते. म्हणून या पुस्तकात छेद जास्त आहेत. खोल्यांची नावे आम्ही मुद्दाम बारीक अक्षरात दिली आहेत.

पान उलटल्यावर डरहॅमचा लांब छेद आहे, दोन पानांवर पसरलेला. डाव्या कोपऱ्यात वर रस्ता, उजवीकडे खाली नदी. रस्त्यावरच्या दारापाशी बोट ठेवा आणि जिन्याने खाली या. पायऱ्या मोजू नका. वर्गात हा छेद मी भिंतीवर लावतो तेव्हा मुले रांगेने येऊन असेच करतात, आणि बहुतेकांचे बोट नदीपर्यंत जातच नाही. मध्येच एका टप्प्यावर थांबते. आम्ही तो टप्पा भिंग घेऊन पाहिला. तिथे कुठलेही नाव लिहिलेले नाही.